एकेका स्पंदाचा माग

पल्सार म्हणजे वेगाने स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याच्या रेडिओ लहरींचा झोत पृथ्वीवरून गेला की एक स्पंद नोंदला जातो. बहुतेक स्पंद फार क्षीण असतात, म्हणून नियमित आवर्तन शोधून हजारो स्पंदांची बेरीज करतात. काही तारे मात्र अधूनमधून एखादाच जोरकस स्पंद पाठवतात. बेरजेत तो हरवतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने असे ११ तारे एकेक स्पंद तपासूनच शोधले.

खरा स्पंद ओळखायचा कसा? ताऱ्यांमधल्या विरळ वायूतील इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोहोचतात. विजेच्या तारेवरची ठिणगी मात्र सगळ्या वारंवारतांवर एकदम उमटते. संगणक अनेक संभाव्य विलंब धरून नोंदी जुळवतो. स्पंद ज्या विलंबाला सर्वांत ठळक होतो, त्यावरून ताऱ्याच्या अंतराचाही अंदाज येतो.

पुणे जिल्ह्यातील खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना कमी वारंवारतेवर काम करतात. तिथे हा विलंब मोठा असल्याने आकाशातला स्पंद आणि जमिनीवरचा गोंगाट वेगळे करणे सोपे जाते. तरीही परिसरातील रेडिओ-शांतता जपणे अत्यावश्यक आहे.