हॅश सुचवतो, कर्नल तपासतो: डीड्यूपबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिस्क भरत आली की डीड्यूपची आठवण होते. डीड्यूप म्हणजे डीडुप्लिकेशन: एकच डेटा डिस्कवर दोन-तीन ठिकाणी लिहिलेला असेल तर तो एकदाच ठेवायचा आणि सगळ्या फायलींना त्याच जागेकडे वळवायचं. कल्पना सोपी आहे, म्हणून तिच्याबद्दलची मतंही ठाम असतात. ‘डेटा जाईल’ या भीतीने काही जण तिच्या वाटेलाच जात नाहीत. काही जण ‘हॅश जुळला म्हणजे झालं’ एवढ्यावर विसंबून स्वतःची स्क्रिप्ट लिहितात आणि मोकळे होतात. दोन तुकडे सारखे आहेत हे नक्की कोण ठरवतं आणि कोणत्या क्षणी ठरवतं, हे मात्र दोघांनीही विचारलेलं नसतं. लिनक्स कर्नलमध्ये या प्रश्नाचा फार काळजीपूर्वक विचार झाला आहे. त्याची ओळख झाली की बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतात.

‘हॅश जुळला की फाइलसिस्टिम दोन फायली एक करून टाकते’

लिनक्सवर तसं होत नाही. हॅश काढतात ते ड्यूपरिमूव्ह किंवा बीज यांसारखे कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम. ते डिस्क चाळतात, तुकड्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले छोटे आकडे, काढतात आणि संशयित जोड्यांची यादी करतात. कर्नलकडे त्यातली एकेक जोडी जाते ती निव्वळ विनंती म्हणून: या फाइलमधले अमुक जागेपासूनचे इतके बाइट आणि त्या फाइलमधले तमुक जागेपासूनचे तितकेच बाइट सारखे दिसतात, एक करता येतील का पाहा. या विनंतीत हॅशसाठी रकानाच नाही. कर्नल दोन्हीकडचा डेटा स्वतः वाचतो आणि बाइटला बाइट लावून पाहतो. एकही बाइट वेगळा निघाला तर ‘वेगळे आहेत’ असं उत्तर येतं आणि डिस्कवरचं काहीही हलत नाही.

ही सोय पहिल्यांदा 2013 मध्ये, लिनक्स 3.12 मध्ये, फक्त बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमपुरती आली. मार्क फाशे यांनी ती लिहिली. डॅरिक वाँग यांनी 2016 मध्ये, 4.5 या आवृत्तीत, ती वरच्या सामाईक थरात, म्हणजे व्हीएफएसमध्ये नेली. त्याच वर्षी 4.9 मध्ये एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमलाही ब्लॉक वाटून घेता येऊ लागले. ईएक्सटी4 मध्ये ही सोय नाही, त्यामुळे तिथे हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही.

या रचनेचा मोठा फायदा असा की डीड्यूपचा प्रोग्रॅम कितीही चुकीचा लिहिलेला असो, किंवा कुणी खोडसाळपणे चुकीच्या जोड्या पाठवो, या मार्गाने तुमच्या फाइलमधला मजकूर बदलत नाही. अनोळखी स्क्रिप्ट वापरायला घाबरणाऱ्यांनी आधी एवढंच तपासावं: ती कर्नलच्या या विनंतीतून काम करते, की स्वतःच एक फाइल पुसून तिच्या जागी दुसरीची लिंक ठेवते? दुसऱ्या प्रकारात कर्नलची तपासणी होतच नाही.

‘बीटीआरएफएसकडे प्रत्येक ब्लॉकचा चेकसम असतोच, मग पुन्हा वाचायचं कशाला?’

हा प्रश्न जाणकारही विचारतात, म्हणून इथे थोडं थांबू. बीटीआरएफएसचा नेहमीचा चेकसम सीआरसी32सी आहे, म्हणजे फक्त 32 बिटांचा. त्याला सुमारे 429 कोटी वेगवेगळी मूल्यं घेता येतात. आकडा मोठा वाटतो, पण आपण एका ठरावीक ब्लॉकची जोडी शोधत नसतो. कुठलेही दोन ब्लॉक योगायोगाने जुळले तरी घात होतो. हा हिशेब केला तर 77 हजारांच्या आसपास ब्लॉक जमले, की दोन निराळ्या ब्लॉकांचा चेकसम एकच येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. 4096 बाइटांच्या ब्लॉकने मोजलं तर हा सगळा डेटा जेमतेम 316 एमबी होतो. आजच्या फोनमधला एक बऱ्यापैकी लांब व्हिडिओसुद्धा एवढा असतो. सीआरसीचं काम डिस्कवर बिघडलेला ब्लॉक ओळखण्याचं आहे आणि ते तो चोख करतो. दोन ब्लॉक एकच आहेत याचा पुरावा म्हणून तो उभाच राहू शकत नाही.

मग मोठा हॅश घेतला तर? एसएचए-1 चा हॅश 160 बिटांचा असतो आणि बरीच वर्षं तो पुरेसा मानला गेला. फेब्रुवारी 2017 मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेतल्या संशोधकांनी दोन वेगळ्या पीडीएफ फायली जाहीर केल्या. दोन्हींचा एसएचए-1 एकच होता. लगेचच त्या फायली चाचणीसाठी वेबकिट प्रकल्पाच्या सबव्हर्जन रिपॉझिटरीत टाकल्या गेल्या आणि रिपॉझिटरीचं काम अडलं. कारण सबव्हर्जन जागा वाचवण्यासाठी सारखा मजकूर एकदाच ठेवतं, आणि सारखेपणा ठरवायला त्याने एसएचए-1 वर भरवसा ठेवला होता. हॅशवर विसंबलेल्या डीड्यूपचं पुढे काय होतं, हे त्या दिवशी एका चालत्या प्रकल्पाने अनुभवलं.

एसएचए-256 ची गोष्ट वेगळी आहे. 4 केबीच्या ब्लॉकने मोजलेल्या 4 पेटाबाइट डेटात योगायोगाने टक्कर होण्याची, म्हणजे दोन वेगळ्या ब्लॉकांचा हॅश एकच येण्याची, शक्यता 2 च्या उणे 177 व्या घाताएवढी, म्हणजे व्यवहारात शून्य. झेडएफएस या फाइलसिस्टिममध्ये 2009 साली डीड्यूप आलं ते याच हॅशवर विसंबून. ज्यांना एवढ्यावर समाधान नाही त्यांच्यासाठी तिथे ‘व्हेरिफाय’ हा पर्याय आहे. तो लावला की हॅश जुळल्यावरही बाइट ताडून पाहिले जातात. झेडएफएसची निवड मला चुकीची वाटत नाही. तिथे ब्लॉक लिहितानाच फाइलसिस्टिम स्वतः हॅश काढते, म्हणजे हॅश काढणारा आणि त्यावर निर्णय घेणारा एकच असतो. लिनक्सच्या विनंतीत मात्र हॅश बाहेरच्या प्रोग्रॅमने, मघाशी केव्हातरी काढलेला असतो. म्हणून कर्नल जी तुलना करतो तिचं कारण हॅशची टक्कर एवढंच नाही. या ‘मघाशी’मध्ये खरी गोम आहे.

‘तुलना काय, दोन्ही वाचायचे आणि ताडायचे’

ताडण्याची ओळ खरोखर एकच आहे. मेमकंप हे सी भाषेतलं जुनं फंक्शन मेमरीतली दोन पानं, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, समोर ठेवून सारखी की वेगळी ते सांगतं. बाकीचा सगळा कोड त्या एका ओळीच्या आजूबाजूला उभा आहे.

समजा प्रोग्रॅमने दोन फायलींचे हॅश काढले आणि ते जुळले. विनंती कर्नलपर्यंत पोचेपर्यंत डेटाबेसने त्यातल्या एका फाइलमध्ये एक नोंद बदलली. आता जुन्या हॅशवर विसंबून फायली एक केल्या तर ती नवी नोंद कायमची गेली. म्हणून कर्नल आधी दोन्ही फायलींच्या आयनोडना, म्हणजे त्यांच्या मूळ नोंदींना, लॉक लावतो. डिस्ककडे थेट चाललेली लिखापढी संपू देतो, मेमरीत साचलेला पण डिस्कवर न गेलेला डेटा खाली उतरवतो आणि मगच तुलनेला हात घालतो. तुलना आणि ब्लॉक एक करणं या दोन्ही गोष्टी लॉक न सोडता होतात, त्यामुळे मध्ये शिरायला कुणाला फटच उरत नाही.

तुलनाही पानापानाने चालते. दोन्ही फायलींचं एकेक पान पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या साठ्यात, आणायचं, दोन्हींना लॉक लावायचं आणि लॉक मिळाल्यावर पुन्हा विचारायचं: हे पान अजून याच फाइलचं आहे ना? लॉकची वाट पाहत असताना ते पान मेमरीतून काढून टाकलेलं असू शकतं. उत्तर ‘नाही’ आलं तर पान पुन्हा आणायचं.

इथेही एक खोल खड्डा होता. एकाच फाइलमधले दोन भाग ताडायचे असतील आणि दोन पानांना वाटेल त्या क्रमाने लॉक लावलं, तर डेटा डिस्कवर उतरवणारं काम उलट्या क्रमाने येऊन दोघं एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू शकतात. त्याहून विचित्र म्हणजे ब्लॉक पानापेक्षा लहान असेल तर दोन्ही भाग एकाच पानात सापडू शकतात. मग कर्नल स्वतःच लावलेल्या लॉकसाठी स्वतःच ताटकळतो. 2019 मध्ये डॅरिक वाँग यांनी हे दुरुस्त केलं: लॉक नेहमी आधीच्या पानाला प्रथम, आणि पान एकच असेल तर लॉकही एकदाच.

शेवटचा अर्धा ब्लॉक

‘कर्नल ताडून पाहतो म्हणजे चूक शक्यच नाही’ हाही गैरसमजच, आणि 2018 मध्ये दुरुस्त झालेल्या एका चुकीने तो दूर केला. मला ही चूक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात तुलना अगदी बरोबर होती.

दहा हजार बाइटांची एक फाइल घ्या. 4096 चे दोन पूर्ण ब्लॉक म्हणजे 8192 बाइट. उरलेले 1808 तिसऱ्या ब्लॉकमध्ये. त्या ब्लॉकमध्ये पुढे 2288 बाइटांची जागा आहे, पण ती फाइलच्या हद्दीबाहेर. आता दुसरी फाइल मोठी आहे आणि तिच्या पोटात कुठेतरी नेमके हेच दहा हजार बाइट आहेत. तुलना दहा हजार बाइटांची झाली आणि जुळली. पण फाइलसिस्टिमला वाटणी करता येते ती पूर्ण ब्लॉकांची. तिने तिसरा ब्लॉकही वाटून दिला, आणि मोठ्या फाइलमधले पुढचे 2288 खरे बाइट जाऊन त्या जागी कधी न ताडलेला भाग आला. जेवढं ताडलं त्यापेक्षा जास्त एक केलं गेलं.

एक्सएफएसमध्ये डेव्ह चिनर यांनी आणि बीटीआरएफएसमध्ये फिलिपे मनाना यांनी हे बुजवलं. आता अर्धा राहिलेला शेवटचा ब्लॉक दुसऱ्या फाइलच्या मध्यात येत असेल तर विनंतीची लांबी ब्लॉकच्या सीमेपर्यंत मागे घेतली जाते. दोन्ही फायली तिथेच संपत असतील तरच त्या ब्लॉकची वाटणी चालते.

‘बाइटला बाइट लावायचं म्हणजे दिवस जाईल’

नाही. मेमकंप एका वेळी अनेक बाइट उचलतं आणि पहिला फरक दिसताच थांबतं. वेळ जातो तो डिस्क वाचण्यात. प्रोग्रॅमने हॅश काढायला नुकताच तो भाग वाचला असेल आणि तो अजून कॅशमध्ये असेल, तर तेही वाचतं.

खर्चाची काळजी करायची तर झेडएफएससारख्या, लिहितानाच चालणाऱ्या डीड्यूपची करावी. त्याला प्रत्येक ब्लॉकची नोंद हाताशी लागते आणि एका नोंदीला सुमारे 320 बाइट धरले जातात. ब्लॉक सरासरी 128 केबीचे असतील तर एक टीबी डेटासाठी अडीच जीबी मेमरी. सरासरी 8 केबीवर आली तर चाळीस जीबी. ‘झेडएफएस मेमरी खातो’ ही तक्रार अनेकदा डीड्यूप विचार न करता चालू केल्याने येते.

‘एक फाइल बदलली की दुसरीही बदलेल’

ही भीती हार्ड लिंकवरून आलेली. हार्ड लिंकमध्ये फाइल एकच आणि नावं दोन, त्यामुळे तिथे तसं होतं. डीड्यूपनंतर फायली दोनच राहतात: मालक वेगळे, परवानग्या वेगळ्या, तारखा वेगळ्या. सामाईक असतात ते फक्त डिस्कवरचे ब्लॉक. एकीत लिहायला गेलात की त्या भागासाठी नवा ब्लॉक घेतला जातो आणि दुसरी जशीच्या तशी राहते. डीड्यूपमुळे फाइलची बदलल्याची तारीखही हलत नाही, कारण मजकूर बदललेलाच नसतो.

‘निम्मी डिस्क मोकळी होईल’

एकाच साच्यातून काढलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या इमेज किंवा एकाच फोल्डरच्या लागोपाठच्या प्रती असतील तर जागा भरपूर सुटते. फोटोंच्या संग्रहात मात्र निराशा पदरी येते. मेसेजिंग ॲपवरून फिरून आलेला फोटो डोळ्यांना तोच दिसतो, पण वाटेत तो पुन्हा दाबला गेलेला असतो आणि त्याचे बाइट पार वेगळे असतात. फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर वाढवलं तरी पुढचं सगळं एका बाइटने सरकतं, आणि ठरावीक सीमांवर कापलेले ब्लॉक जुळेनासे होतात. एन्क्रिप्ट केलेल्या फायलींत तर शोधायलाही जाऊ नये.

याच्याशी जोडलेला एक धोका आहे, आणि तो खरा आहे. चार फोल्डरांत चार प्रती ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला असं मानणाऱ्याने डीड्यूप चालवलं, तर डिस्कवर प्रत एकच उरते. तो एक ब्लॉक खराब झाला की चारही फायली त्या जागी एकदम खराब. एकाच डिस्कवरच्या चार प्रती डिस्क गेल्यावर तशाही वाचणार नव्हत्या. बॅकअप दुसऱ्या डिस्कवरच हवा.

शेवटची तक्रार हमखास ऐकू येते: ‘डीड्यूप चालवलं, पण ड्यू कमांड पूर्वीएवढाच आकडा दाखवते.’ ड्यू प्रत्येक फाइलचे ब्लॉक वेगळे मोजते, सामाईक ब्लॉकही दरवेळी धरते. मोकळी जागा पाहायची ती डीएफ कमांडने. बीटीआरएफएसची स्वतःची ड्यू कमांड सामाईक भाग वेगळ्या रकान्यात दाखवते, आणि फाइलफ्रॅगला तपशील मागितला तर वाटून घेतलेल्या तुकड्यांपुढे ‘शेअर्ड’ असं लिहून येतं. हे माहीत नसलं की लोक जागा करायला सामाईक झालेल्या दोन फायलींपैकी एक पुसतात आणि डीएफचा आकडा जागचा हलत नाही: ब्लॉक अजून दुसऱ्या फाइलच्या वापरात असतात आणि तिने ते सोडेपर्यंत मोकळे होत नाहीत.