पाहुण्या पक्ष्यांची मोजदाद

दिवाळीचे कंदील उतरले आणि पहाटेच्या वाऱ्यात बोचरेपणा आला, की निफाड तालुक्यातील दोन प्रकारची माणसे नेहमीपेक्षा लवकर उठू लागतात. पहिला द्राक्षबागायतदार. पारा पाच अंशांच्या खाली घसरला तर तयार मणी तडकतात, म्हणून तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवून ऊब राखण्याची धडपड करतो. दुसरा पक्षिनिरीक्षक. कानटोपी, मफलर, गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही अशा थाटात तो नांदूर मध्यमेश्वरच्या वाटेला लागतो. थंडी एकाच्या जिवाला घोर लावते आणि दुसऱ्याला आनंदाचे आमंत्रण देते. गंमत अशी, की चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी दर रविवारी जमणाऱ्या आमच्या मंडळीत या दोन्ही प्रकारांची माणसे आहेत आणि एक जण तर एकाच वेळी दोन्ही आहे. त्याची रात्र बागेत जाते आणि सकाळ पाण्याकाठी.

हिवाळ्यात येथे येणारे हौशी पर्यटक पुष्कळ. ते एकदा येतात, रंगीबेरंगी पक्षी पाहून हरखतात आणि परततात. त्यात गैर काहीच नाही. परंतु वर्षानुवर्षे त्याच पाण्याकाठी, त्याच पक्ष्यांसाठी येणाऱ्यांचे काय? ‘पाहिलेलेच पुन्हा काय पाहता?’ हा प्रश्न आम्हा सर्वांना घरून एकदा तरी विचारला गेला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी या पाणथळीची ओळख करून घ्यावी लागेल.

गाळाने घडवलेली पाणथळ

नाशिकपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, १९०७ ते १९११ या काळात दगडी बंधारा बांधण्यात आला. हेतू शुद्ध शेतीचा. येथून निघणाऱ्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी खालच्या भागातील शेतीला पाणी मिळाले. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्या मनात असण्याचे कारणच नव्हते. मात्र दर पावसाळ्यात नद्यांनी वाहून आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून उथळ डबकी, चिखलाची पठारे, लहान बेटे आणि लव्हाळ्यांची दाट रानेही तयार झाली. अभियंत्यांच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने गुण ठरला. १९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत महाराष्ट्रातून पहिला प्रवेश नांदूर मध्यमेश्वरनेच केला. त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. लोणार आणि ठाणे खाडी त्यानंतरची. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे लोकांनी दिलेले नाव त्याच्याही आधीपासूनचे.

उथळ पाण्याचे महत्त्व पक्ष्यांच्या आहारपद्धतीत दडले आहे. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदके पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा डोके बुडवून, शेपूट वर करून खाद्य शोधतात. मान पोचेल तेवढेच पाणी त्यांच्या उपयोगाचे. लालसरी बुडी मारते, तिला थोडे खोल पाणी चालते. शेकाट्या आपल्या लांबसडक लाल पायांवर गुडघाभर पाण्यात फिरतो, तर तुतवार आणि पाणटिवळे यांना ओला चिखलच हवा. कालव्याला आवर्तन सुटले किंवा वरच्या धरणांतून पाणी आले, की ही सारी मांडणी चार दिवसांत बदलते. वीतभर पाणी वाढले तर चिखलपक्षी दिसेनासे होतात. उतरले तर तेथेच शेकड्यांनी हजर. त्यामुळे ‘यंदा पक्षी कमी आले’ असे एका भेटीवरून म्हणणाऱ्याला आमच्यातील जाणते एकच विचारतात, “पाणी किती होते?”

येणारे पाहुणे काही जवळचे नाहीत. मध्य आशियाई स्थलांतरमार्गाने सायबेरिया, मंगोलिया, तिबेट अशा प्रदेशांतून ते भारतात उतरतात. पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर त्याचे उड्डाण उपग्रहीय यंत्रांनी नोंदले गेले आहे. सर्व जण एकदम येत नाहीत. भुवई बदके आणि काही चिखलपक्षी पावसाळा सरता सरताच दाखल होतात, बहुतेक बदके ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शिवाय नुकत्याच आलेल्या नर बदकांचा पिसारा फिका, मादीसारखा असतो. थंडी मुरेल तसे त्यांचे खरे रंग खुलतात. नवख्याची पहिली फजिती येथेच होते.

मराठी नावांनी मात्र ही ओळख सोपी केली आहे. चोचीच्या मुळाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग, म्हणून हळदीकुंकू बदक. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा लावून थव्याने चालणारा तो वारकरी. अशी नावे गोळा करून ग्रंथरूपाने जपण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली यांनी केले. २०२५ साली ते आपल्यातून गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. आमच्या मंडळींचा हंगामही त्याच आठवड्यात सुरू होतो.

मोजायचे कसे?

जानेवारीत देशोदेशी पाणपक्ष्यांची गणना होते. जागतिक पातळीवर ती १९६७ पासून, तर आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. तिचे स्वरूप साधे आहे: ठरावीक पाणथळीवर, ठरावीक पंधरवड्यात, स्वयंसेवकांनी पक्षी मोजायचे. साधे म्हणून सोपे मात्र नाही.

उडते, पोहते, बुड्या मारते पक्षी एकेक करून मोजता येत नाहीत. म्हणून थव्यातील दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत भरवायची, आणि तेवढे किती ‘घास’ संपूर्ण थव्यात बसतात ते पाहायचे. थवा मोठा असेल तर शंभराचा घास. माझ्या पहिल्या गणनेत मी मोठ्या ऐटीत सांगितलेला आकडा, दोन अनुभवी मंडळींनी मोजल्यावर, निम्म्याहूनही कमी निघाला. तेव्हा कळले, की मोठा थवा पाहिला की नवख्याचा अंदाज बहुधा कमीच पडतो.

दुसरा नियम असा, की परिसराचे भाग पाडून सर्व गटांनी एकाच वेळी मोजायचे; नाहीतर इकडचा थवा उडून तिकडे बसला, तर तोच दोनदा मोजला जातो. तिसरा नियम आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा: मोजणाऱ्याने डोळा दुर्बिणीवरून काढायचा नाही. आकडे दुसऱ्याने लिहायचे. म्हणजे हे काम एकट्याचे नाहीच. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी बदके’ असा रकाना असतो. तो भरताना अभिमान आड येऊ द्यायचा नाही. नोंदीची विश्वासार्हता नावांच्या लांब यादीवर ठरत नाही. ‘ठाऊक नाही’ असे लिहिण्याच्या तयारीवर ठरते.

मनोऱ्याखालची माणसे

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षक आहेत; सर्व जण त्यांना ‘सर’च म्हणतात. बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई आहेत. चापडगावच्या परिसरातील दोघे तरुण आहेत, जे पर्यटकांना पक्षी दाखवतात. त्यांच्याकडे पदव्या नाहीत, पण भोवत्या कोणत्या बाजूने येणार हे ते वारकऱ्यांच्या हालचालीवरून सांगतात. दलदली भोवत्या पाण्यावर घिरट्या घालू लागला, की विखुरलेले वारकरी भराभर एकमेकांना खेटून काळा पुंजका करतात. भक्ष्य म्हणून एकटा पडणारा सापडतो, हे त्यांना ठाऊक असते. पुस्तकात वाचलेले हे आम्ही पहिल्यांदा त्या मुलांच्या बोटाच्या रोखाने पाहिले.

दुर्बिणी सर्वांकडे असतात. तिवईवरची मोठी दुर्बीण एकच. ती कोणाची, हे आता विसरायला झाले आहे. थव्यावर ती लावायची आणि बाजूला व्हायचे, असा शिरस्ता. उन्हे वर आली की डबे उघडतात. भाकरी, ठेचा आणि थर्मासमधला चहा. खरी शाळा तेव्हा भरते. कोणी ‘दुर्मीळ’ पक्षी पाहिल्याचा दावा केला, की सर शांतपणे विचारतात, “पायांचा रंग पाहिलास का? पंखावरचा पट्टा? उजेड कोणत्या बाजूला होता?” तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुतेक दावे विरघळतात. राग कोणालाच येत नाही, कारण प्रत्येकाचा एखादा दावा येथे विरघळलेला आहे.

भांडणेही होतात. एका वर्षी जवळून छायाचित्र मिळावे म्हणून एक तरुण चिखलात उतरला आणि चक्रवाकांचा सारा थवा उठला. तेव्हा आमच्यातील काहींचे आवाज चढले. सरांनी त्याला बोलावून दुर्बिणीतून तो थवा पुन्हा खाली येईपर्यंत पाहायला लावले. बराच वेळ पक्षी नुसते घिरट्या घालत होते. परतीच्या प्रवासासाठी या पक्ष्यांना हिवाळाभर अंगात चरबी साठवायची असते. असे प्रत्येक उठणे त्या शिधोरीतून खर्ची पडते. वाक्ये एवढीच. तो तरुण त्या दिवशी ओशाळून निघून गेला. महिन्याने परत आला, तो थर्मास घेऊन.

शून्याचे मोल

सरांच्या घरी नोंदवह्यांची चळत आहे. तारीख, वेळ, हवा, पाण्याची पातळी आणि मग पक्षी. त्या वह्यांत सर्वांत अधिक कुतूहल वाटते ते ‘०’ या आकड्याचे. ‘पट्टकादंब - ०’ हे लिहायला पक्षी दिसावा लागत नाही, पण माणूस मात्र तेथे हजर असावा लागतो. एकदा येणाऱ्याला काय आहे ते दिसते. काय नाहीसे झाले ते केवळ नेहमी येणाऱ्यालाच उमगते.

अशा नोंदींचा उपयोग काय, हे २०२३ च्या ‘भारतातील पक्ष्यांची सद्यःस्थिती’ या अहवालाने दाखवून दिले. ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून ९४२ प्रजातींचा त्यात आढावा घेतला गेला. दीर्घकालीन कल ठरवण्याइतकी माहिती ३३८ प्रजातींचीच होती. त्यांपैकी ६० टक्के प्रजातींत घट आढळली. उरलेल्या सुमारे सहाशे प्रजातींचा दीर्घकालीन कल सांगता येईना. म्हणजे पुरेशा वह्याच लिहिल्या गेल्या नव्हत्या. रामसर दर्जाच्या निकषांतही पाणपक्ष्यांची संख्या येते: नियमितपणे २० हजार पाणपक्षी, किंवा एखाद्या प्रजातीच्या समूहातील एक टक्का. ‘नियमितपणे’ हा शब्द सिद्ध करायचा तर दरवर्षी कोणीतरी थंडीत उभे राहिलेच पाहिजे.

नांदूर मध्यमेश्वरपुढे प्रश्न कमी नाहीत. ज्या गाळाने पाणथळ घडवली, तोच वाढत जाऊन उथळ पाणी बुजवतो आहे. वरून वाहत येणाऱ्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर पाणवेली माजतात आणि पाण्याचा उघडा पृष्ठभाग झाकून टाकतात. भोवती गावे आहेत, मळे आहेत, मासेमारीवर पोट भरणारी कुटुंबे आहेत. त्यांना दूर सारून कोणतेही संरक्षण टिकणार नाही. पाणवेली काढाव्यात, पाणी अमुक पातळीला राखावे, असे मागताना ‘आम्हाला वाटते’ एवढे पुरत नाही. कोणत्या वर्षी कोठे किती पक्षी होते, हे पुढे ठेवावे लागते.

गेल्या दोन हिवाळ्यांपासून सरांची दृष्टी मंदावली आहे. दूरचा थवा त्यांना राखाडी डागासारखा दिसतो. पहिल्या वर्षी ते गणनेला आलेच नाहीत. ‘चुकीचा आकडा देण्यापेक्षा घरी बरा,’ असा निरोप पाठवला. त्या दिवशी मनोऱ्याखाली चहा झाला, पण शाळा भरली नाही. पुढल्या वर्षी ताई त्यांना घरून घेऊन आल्या आणि हातात वही दिली. मोजणाऱ्याला लिहिणारा लागतोच. त्या जानेवारीत मी मोजत होतो आणि सर लिहीत होते. मध्येच चक्रवाकांचा आवाज आला तेव्हा आकाशाकडे न पाहताच ते म्हणाले, “डावीकडून येताहेत, मोज.” मोजले तेव्हा अकरा होते.

आपल्या गावाजवळही एखादा तलाव, बंधारा किंवा नदीचा डोह असेल. त्यासाठी महागडा कॅमेरा नको. साधी दुर्बीण, एक वही आणि सोबतीला एक माणूस पुरे. सूर्योदयानंतरचे दोन तास, मातकट रंगाचे कपडे, शांत पावले. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत, थवे उठवू नयेत. दिसेल ते लिहावे, आणि गेल्या वेळी दिसलेले यंदा दिसले नाही तर तेही लिहावे. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच जागी जावे. तेथे आधीच कोणी उभे असेल, तर चहा थोडा जास्त न्यावा.