उतारवयातील अंतर्गळ आणि लघवीचा अडथळा

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील अनेक कामगार कोकणात व साताऱ्याकडे आपापल्या गावी परतले. अनेक जण लालबाग-परळच्या चाळींतच राहिले. त्या वेळी तिशीत असलेले हे कामगार आज सत्तरीच्या पुढे आहेत. या वयातील पुरुषांच्या दोन तक्रारी पुष्कळदा एकत्र आढळतात. त्यांपैकी एक सांगितली जाते, दुसरी संकोचापोटी लपविली जाते.

मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रमार्गाला वेढून प्रोस्टेट ही ग्रंथी असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. पन्नाशीनंतर ती बहुधा वाढू लागते व मूत्रमार्ग आवळला जातो. लघवीची धार बारीक होते, कुंथावे लागते, रात्री वारंवार उठावे लागते. चाळीतील सामाईक शौचालय गाठताना वृद्धांचे हाल होतात. तरी 'वय झाले' म्हणून ते गप्प राहतात. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. तथापि तपासणी आवश्यक असते.

जांघेतील स्नायू दुबळे होऊन आतडे बाहेर डोकावते, त्यास अंतर्गळ अथवा हर्निया म्हणतात. जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि लघवीसाठी कुंथणे यांचा त्यास हातभार लागतो. क्वचित मूत्राशयाचाच भाग त्यात उतरतो. मग फुगवटा दाबल्याखेरीज लघवी पुरी होत नाही.

फुगवटा दिसतो, म्हणून तो डॉक्टरांना दाखविला जातो. लघवीचा त्रास मात्र न सांगताच शस्त्रक्रिया झाली, तर त्यानंतर लघवी पूर्णपणे तुंबण्याचा संभव असतो. अडथळा दीर्घकाळ राहिल्यास जंतुसंसर्ग होतो, खडे बनतात व मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते. म्हणून अंतर्गळाच्या रुग्णाने लघवीची तक्रार प्रथम सांगावी. प्रोस्टेटवर औषधे आहेत. जरूर पडल्यास दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करता येते. आधी कोणता उपचार करावा, हे डॉक्टर ठरवितात.

लघवी एकाएकी बंद होऊन ओटीपोट फुगल्यास, किंवा फुगवटा आत न जाता दुखू लागून उलट्या झाल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते. त्या परस्पर घेऊ नयेत.

परळचे के. ई. एम. (स्थापना १९२६), मुंबई सेंट्रलचे नायर (१९२१) व भायखळ्याचे जे. जे. (१८४५) या सार्वजनिक रुग्णालयांत शस्त्रक्रियेची सोय आहे. गावी परतलेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रथम तपासून घ्यावे. पंचायत सदस्य व शिक्षकांनी वडीलधाऱ्यांशी हा विषय आपणहून काढल्यास त्यांचा संकोच दूर होईल आणि उपचार वेळीच सुरू होतील.