थेरपिस्ट शोधताय? मग हे विचारा!

दाढ दुखली तर देवळाली प्रवऱ्यात अख्ख्या गल्लीला सांगता येतं. पण रात्र-रात्र झोप येत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, हे रूममेटलाही सांगवत नाही. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला होता’ ही बातमी राहुरी फॅक्टरीच्या स्टॉपवरून आपल्याआधी घरी पोहोचेल, ही धास्ती! ती अगदीच खोटी नाही म्हणा. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त राहणं हा तुमचा हक्क ठरवलाय. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. तेव्हा पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा, ‘यातलं घरी काय कळेल?’

जायचं कुणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर, गोळ्या तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, ते पाहा. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र फार सैल झालीय. शिक्षण कुठे, किती वर्षं, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. लोणीला प्रवरा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. एवढंही जाणं जमत नसेल तर १४४१६ फिरवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर बाकी शोधाशोध राहू द्या, आधी हा नंबर लावा आणि जवळच्या माणसाला सोबत बसवा.

आता खरी गोष्ट. पहिल्या भेटीत फारसं काही घडत नाही. ‘पैसे देऊन नुसत्या गप्पाच मारल्या की!’ असं वाटून बरेच जण दुसऱ्यांदा जातच नाहीत. तीन-चार भेटी तरी द्या. पद्धत कुठलीही असो, तुमचं नि थेरपिस्टचं किती जुळतं यावर बराच फरक पडतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. भाषेचंही तसंच. रडू मराठीत येत असेल तर ते इंग्रजीत समजावत बसू नका, मराठी बोलणारा माणूस शोधा.

नाही जुळलं तर गुपचूप गायब होऊ नका. ‘मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ते मला लागलं,’ असं सांगून बघा. चांगला थेरपिस्ट ते ऐकून घेतो, गरज पडली तर दुसऱ्याचं नाव स्वतःच सुचवतो. पण जो जात विचारतो, प्रेमप्रकरणावरून झापतो, दुसऱ्या पेशंटचे किस्से सांगतो किंवा ‘पाच सीटिंगमध्ये गॅरंटी’ देतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. गोळ्या चालू असतील तर त्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत.

आणि फी फोनवरच विचारून घ्या. विद्यार्थ्यांना सवलत आहे का, हेही. जाताना एसटीत बसल्या-बसल्या मोबाइलमध्ये चार ओळी लिहून ठेवा: कधीपासून होतंय, झोप किती, जेवण कसं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा. समोर बसल्यावर शब्द फुटले नाहीत तर मोबाइल सरळ पुढे करा.