लॅबमधून बाहेर पडायचा रस्ता तुम्ही चालून पाहिलाय का?

पीएचडीला प्रवेश मिळाला की आपण गाईड कसे आहेत, इन्स्ट्रुमेंट कोणती आहेत, फेलोशिप कधी जमा होते हे सगळं विचारून घेतो. आमच्या जेऊरहून पुण्या-मुंबईला जाणारी मुलं होस्टेल आणि मेसचीही चौकशी करतात. पण रात्री दोन वाजता लॅबला आग लागली तर बाहेर कसं पडायचं, हे सहसा कुणी विचारत नाही.

रात्रीचंच का म्हणतोय? ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साडीच्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपलेले होते आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. पाचही जण गेले. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ जण गेले, तिथेही एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. म्हणजे दार होतं, पण रस्ता नव्हता.

हा फरक नीट समजून घ्या. बाहेर पडण्याच्या मार्गाचे तीन भाग असतात: तुमच्या टेबलापासून दारापर्यंतची वाट, ते दार किंवा जिना, आणि तिथून मोकळ्या मैदानापर्यंतची वाट. यातला एक भाग अडला की उरलेले दोन निरुपयोगी. नॅशनल बिल्डिंग कोड (२०१६) सांगतो की असं दार किमान १००० मिलिमीटर रुंद हवं आणि आतल्या माणसाला ते किल्लीशिवाय उघडता यायला हवं.

आता आपली लॅब आठवा. कॉरिडॉरमध्ये जुना फ्रीज आणि खोके, जिन्याच्या दाराशी कपाट, तळमजल्याच्या ग्रिलला रात्री कुलूप. प्रत्येक गोष्टीला कारण असतं: जागा नाही, चोरी होते. पण संशोधनाचं काम रात्रीही चालतं. आणि लॅबमधली आग ही काही कल्पना नाही. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधकांचा जीव गेला.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एवढं करा. टेबलापासून मैदानापर्यंत दोन वेगवेगळ्या वाटांनी चालून या. लिफ्ट धरू नका. वाटेतली दारं मोजा, कारण धुरात पाटी दिसत नाही. मग एकदा रात्री उशिरा तेच पुन्हा करा.

कुठे कुलूप दिसलं तर किल्ली कुणाकडे असते ते विचारा. नवीन विद्यार्थ्याला गाईडकडे तक्रार करायला संकोच वाटतो, मान्य आहे. मग तक्रार म्हणून नको, प्रश्न म्हणून विचारा, आणि चार जणांनी मिळून लेखी विचारा. ‘किल्ली वॉचमनकडे असते’ असं उत्तर आलं, तर ती वाट तुमच्या मोजणीत धरू नका.