ईमेल घरात ठेवावी की सर्व्हरवर?



गेल्या हिवाळ्यात आमच्या घरचा जुना कंप्युटर बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, "हार्ड डिस्क गेली, आता यातून काही निघणार नाही." कंप्युटरचे एवढे दुःख नव्हते. पण त्यात पनवेलच्या आमच्या थोरल्या बहिणीच्या सात वर्षांच्या ईमेल होत्या. रोश हशानासाठी चिकाचा हलवा कसा करायचा, हे तिने त्यांत सविस्तर लिहिले होते. आज ती हयात नाही. ईमेल कुठेतरी सुरक्षित असणारच, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नव्हते.

असे का झाले, ते समजून घेऊ.

आपल्याला आलेली ईमेल आधी कंपनीच्या मोठ्या कंप्युटरवर येते. त्याला सर्व्हर म्हणतात. तिथून ती वाचण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली 'पॉप'. इमारतीखालच्या तेवात दोआरमधून आपण पत्र काढतो, वर घरी आणतो आणि ट्रंकेत ठेवतो. मग खालची पेटी रिकामी. पॉपमध्ये ईमेल आपल्या कंप्युटरवर उतरते आणि पुष्कळदा सर्व्हरवरून पुसली जाते. ट्रंक जळाली की पत्रे गेली. आमचे हेच झाले.

दुसरी पद्धत 'आयमॅप'. इथे पत्र सर्व्हरवरच राहते, आपण फक्त तिथे जाऊन वाचतो. म्हणून तीच ईमेल फोनवर, कंप्युटरवर आणि मुलीच्या घरीही दिसते. फोन हरवला, तरी पत्रे शाबूत राहतात.

आपल्याकडे कोणती पद्धत आहे, हे पाहायचे असेल तर स्वतःलाच एक ईमेल पाठवा आणि कंप्युटरवर वाचा. मग फोनवर पाहा. तिथेही ती 'वाचलेली' दिसली, तर बहुधा आयमॅप आहे. दिसलीच नाही, किंवा न वाचलेली दिसली, तर पॉप असण्याचा संभव आहे. मुलाला किंवा नातवाला सेटिंग पाहायला सांगा. पॉपमध्येही 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी सोय असते. मात्र जुन्या ईमेलची नक्कल घेतल्याशिवाय कंप्युटरवरचे खाते काढून टाकू देऊ नका. खात्याबरोबर त्याही जाऊ शकतात.

मग सगळे सर्व्हरवर ठेवून निश्चिंत व्हावे का? तसेही नाही. आयमॅपमध्ये फोनवर एक ईमेल पुसली, की ती सगळीकडून जाते. जीमेलच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर नाही. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि तीत आपले गूगलवरचे फोटोही मोजले जातात. जागा भरली की नवी ईमेल येणे बंद होऊ शकते. शिवाय गूगलचे खाते दोन वर्षे कोणी उघडले नाही, तर कंपनी ते पुसून टाकू शकते. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या खात्याकडे कोण पाहतो?

म्हणून आमचे सांगणे असे. रोजच्या वापराला ईमेल सर्व्हरवर असू द्या. पण जी पत्रे आणि जे फोटो पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एक प्रत घरी ठेवा. डिस्क-ऑन-कीवर उतरवा, किंवा सरळ कागदावर छापून फाइलला लावा. पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवा, आणि ती कुठे आहे ते घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.

बहिणीची एकच ईमेल आमच्याकडे उरली आहे. ती आम्ही कधीतरी छापून ठेवली होती. हलव्याची नाही, पनवेलच्या पावसाची आहे. तुमच्याकडे अशी पत्रे असतील, तर या आठवड्यातच त्यांची प्रत काढा.