गुप्तश्रवण
दुसऱ्यांचे खाजगी संभाषण त्यांच्या नकळत ऐकणे, तसेच ते यंत्राद्वारे टिपून ठेवणे, यास गुप्तश्रवण म्हणतात. इंग्लंडच्या जुन्या कॉमन लॉनुसार घराच्या पागोळ्यांखाली उभे राहून आतील बोलणे ऐकणे व त्यावरून कंड्या पिकविणे हा सार्वजनिक उपद्रव मानला जाई. दूरध्वनी व ध्वनिमुद्रक यांच्या प्रसारानंतर ऐकणाऱ्यास भिंतीजवळ येण्याची गरज उरली नाही.

भारतात या विषयाचे दोन स्वतंत्र प्रश्न पडतात : संभाषण ऐकणे वैध होते काय आणि ऐकलेले पुराव्यात घेता येईल काय. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असले, तरी दुसऱ्याचे होकारार्थी असू शकते.

पहिल्या प्रश्नाचे नियमन दीर्घकाळ भारतीय तार अधिनियम, १८८५ याच्या कलम ५(२) ने केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांसाठीच शासनास संदेश अडवून ऐकता येतात, असे त्यात म्हटले होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंधने घातली : आदेश गृहसचिवाचा असावा, त्याची मुदत दोन महिने व एकंदर कमाल सहा महिने असावी आणि समितीने त्याचे पुनर्विलोकन करावे. पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला व त्याखालील नियम २०२४ मध्ये आले. तथापि पुनर्विलोकन समितीत शासनाचे सचिवच असतात, न्यायाधीश नसतो. शिवाय ज्याचे संभाषण ऐकले जाते त्यास ते कळविले जात नाही. त्यामुळे दाद मागण्याची संधी क्वचितच मिळते.

दुसऱ्या प्रश्नावर मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७२) हा निर्णय आधारभूत मानला जातो. मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या या लाचप्रकरणात पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीस ध्वनिमुद्रक जोडला होता. संभाषणातील एका पक्षाची संमती असल्याने कायद्याचा भंग झाला नाही. आणि पुरावा अवैध मार्गाने मिळविला, एवढ्याच कारणाने तो त्याज्य होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मात्र ध्वनिमुद्रण प्रस्तुत असावे, आवाज ओळखता यावा आणि त्यात फेरफार झालेला नसावा, अशा अटी आहेत.

पुट्टस्वामी निर्णयानंतर या दोन तत्त्वांतील ताण उघड झाला. मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात (२०१९) लाचखोरीच्या तपासासाठी काढलेले अंतर्रोधनाचे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न तेथे नव्हता. उलट, सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये घटस्फोटाच्या खटल्यात पतीने पत्नीच्या नकळत टिपलेली संभाषणे पुराव्यात ग्राह्य धरली. जोडीदारावर पाळत ठेवणे हे विवाह मोडल्याचे कारण नव्हे, तर लक्षण होय, असे मत त्यात व्यक्त झाले.

अशा रीतीने हक्क मान्य झाला असला, तरी त्याच्या भंगातून हाती आलेला पुरावा बहुधा टिकतो. अवैध श्रवणाचे फळ न्यायालयात चालते, तोवर ते करण्यापासून परावृत्त करणारी शक्ती कायद्यात मर्यादितच राहते.